घराला नाव आहे पण नंबर नाही, मग पत्ता कसा लिहायचा?

नवीन घर बांधून राहायला गेलेले, नाहीतर गावाकडचं जुनं घर नीटनेटकं करून कायमचे तिकडे शिफ्ट झालेले, सगळ्यांना एक प्रश्न हमखास पडतो, की फॉर्मवर 'घर क्रमांक' म्हणून जो रकाना असतो तिथे काय लिहायचं. गेटवर तर झोकात 'कृष्णाई' नाहीतर 'श्रमसाफल्य' अशी पाटी लावलेली असते, आणि नंबर विचारला की घरातले सगळे एकमेकांकडे बघतात, कोणीतरी कपाटातून घरपट्टीची पावती काढतं, त्यावर तीन वेगवेगळे आकडे असतात आणि त्यातला कुठला लिहायचा तेच कळत नाही. हा लेख अशा लोकांसाठी आहे. नुसत्या घराच्या नावावर टपाल व्यवस्थित येऊ शकतं, आपल्याकडे पिढ्यानपिढ्या येतंय, फक्त त्यासाठी सुरुवातीला थोडी खटपट करावी लागते आणि ती ठराविक क्रमाने केली की पुढे त्रास होत नाही.

आधी तुमच्याकडे कोणते नंबर आहेत ते बघा

आपल्याकडे एका घराला बरेच नंबर असतात आणि प्रत्येक नंबर वेगळ्या ऑफिसने वेगळ्या कामासाठी दिलेला असतो. जमीन शेतीची किंवा पूर्वी शेतीची असेल तर सर्व्हे नंबर किंवा गट नंबर, तो सातबाऱ्यावर असतो. शहरात किंवा गावठाणात नगर भूमापन झालेलं असेल तर सिटी सर्व्हे नंबर, म्हणजे सी.टी.एस. नंबर, तो प्रॉपर्टी कार्डावर. लेआउट पाडून प्लॉट विकले असतील तर प्लॉट नंबर. आणि घरपट्टीसाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद किंवा महापालिका देते तो मिळकत क्रमांक, गावात हा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर सापडतो, लोक त्याला असेसमेंट उतारा म्हणतात (तलाठ्याकडचा ८अ वेगळा, तो जमिनीच्या खात्याचा, या दोघांत गोंधळ करू नका). बऱ्याच गावठाणांत आता स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी झालीये, २०२० मध्ये ही योजना सुरू झाली, त्यामुळे ज्यांच्याकडे घराचा काहीच कागद नव्हता त्यांनाही प्रॉपर्टी कार्ड मिळायला लागलंय आणि त्यावर अजून एक नंबर आलाय.

आता यातला एकही नंबर रस्त्यावरून चालताना दिसत नाही, ही खरी अडचण. गट नंबर १२७ म्हणजे एवढ्या मोठ्या तुकड्यात आज चाळीस बंगले झालेले असू शकतात, सगळ्यांचा पत्ता गट नंबर १२७ च. मिळकत क्रमांक ज्या क्रमाने घरं नोंदली गेली त्या क्रमाने पडलेले असतात, त्यामुळे ३१२ च्या शेजारी ३१३ असेलच असं काही नाही, तो दोन वाड्या सोडून पलीकडेही असतो. पुण्याच्या पेठांमध्ये जुने लोक '९५४ सदाशिव पेठ' अशा थाटात पत्ता सांगतात खरं, पण नवीन माणूस तो नंबर क्रमाने शोधत गेला तर फिरतच राहील, शेवटी अमुक मारुतीजवळ, तमुक हौदाजवळ विचारत जावं लागतंच. म्हणून आपल्याकडे घराचं नाव हाच कामाचा पत्ता आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ते नाव नुसतं हौसेपोटी पाटीवर न ठेवता पत्त्यात नीट वापरावं.

सरकारही तेच करतं की. मुंबईत मंत्रालयासमोर मंत्र्यांचे जे बंगले आहेत त्यांना आधी ए-३, बी-१ असे नंबर होते, २०२२ मध्ये त्यांना किल्ल्यांची नावं दिली. बाबासाहेबांचं दादर हिंदू कॉलनीतलं घर तर आख्ख्या देशाला 'राजगृह' म्हणूनच माहितीये.

नुसतं नाव आणि पिन कोड पुरतो का? नाही पुरत

पुष्कळ लोकांना वाटतं की पिन कोड बरोबर लिहिला की काम झालं. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते, आपले मराठी गृहस्थ, केंद्राच्या दळणवळण मंत्रालयात अधिकारी आणि संस्कृतचे मोठे कवी. एकाच नावाची ढीगभर गावं आणि पत्ते लिहायला देशात इतक्या भाषा नि लिप्या, यातून टपाल सोडवायला त्यांनी सहा आकडे बसवले. पहिला आकडा विभाग (आपला ४, त्यात महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड), पहिले तीन मिळून टपाल कुठे सॉर्ट होणार तो टपाल खात्याचा जिल्हा, आणि शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट ऑफिस.

म्हणजे पिन कोड तुमचं पत्र पोस्ट ऑफिसपर्यंत आणतो, दारापर्यंत नाही. देशात पोस्ट ऑफिसं दीड लाखाच्या वर आहेत आणि पिन कोड साधारण १९ हजार, म्हणजे एका पिनखाली कितीतरी गावं येतात. इंग्लंडमध्ये ज्यांची मुलं, नातेवाईक आहेत त्यांनी बघितलं असेल, तिकडे घराचं नाव आणि पोस्टकोड एवढ्यावर पत्र जातं, कारण तिकडचा एक पोस्टकोड सरासरी पंधराएक घरांचाच असतो. आपल्या पिनमध्ये हजारो घरं असतात. त्यामुळे घराचं नाव आणि पिन या दोघांच्या मधल्या ज्या ओळी आहेत, गल्ली, वाडी, कॉलनी, खूण, गाव, पोस्ट, त्याच खऱ्या महत्त्वाच्या आणि लोक नेमक्या त्याच गाळतात.

अजून एक, जिल्ह्यावरून पिन ठरवू नका. साताऱ्याचे पिन ४१५ ने सुरू होतात म्हणून वाईचाही तसाच असेल असं वाटतं, पण वाई ४१२८०३ आणि महाबळेश्वर ४१२८०६, म्हणजे जिल्हा सातारा असून आकडे पुण्याच्या बाजूचे. आपल्या घराचा पिन आपल्या पोस्टातच जाऊन विचारायचा, शेजारच्या दुकानाच्या बोर्डवर बघून लिहायचा नाही.

नाव ठेवताना (अजून ठेवलं नसेल तर)

नाव तुमच्या मनाचं ठेवा, आईवडिलांचं, कुलदैवताचं, गावचं, त्यात मी काही बोलणार नाही, घर बांधायला लोक आयुष्यभराची कमाई लावतात आणि त्यावर कोणाचं नाव असावं हा हक्क त्यांचाच. फक्त पाटी करायला टाकायच्या आधी आपल्या गल्लीत आणि आजूबाजूच्या दोन-तीन गल्ल्यांत एक चक्कर मारा. 'साईकृपा', 'गुरुकृपा', 'मातृछाया', 'स्वप्नपूर्ती', 'शिवनेरी' ही नावं प्रत्येक कॉलनीत दोन-दोन असतात. तुम्हाला तेच नाव हवं असेल तर खुशाल ठेवा पण मग पत्त्यात आडनाव जोडून लिहायची सवय लावून घ्या, "साईकृपा, कुलकर्णी बंगला" असं.

मग इंग्लिश स्पेलिंग. यावर लोक अजिबात विचार करत नाहीत आणि नंतर सगळा गोंधळ इथेच होतो. 'श्रमसाफल्य' हे नाव घ्या. लाइट बिलावर त्याचं स्पेलिंग पी एच वापरून, बँकेत एफ वापरून, आधारवर दोन शब्द तोडून, गॅसच्या पुस्तकात कोणीतरी शेवटचा वाय खाऊन टाकलेला. 'कृष्णाई' मध्ये कृ ला कोणी आर-आय लिहितं तर कोणी आर-यू. पोस्टमनला काही फरक पडत नाही, त्याला घर माहिती असतं, पण कुठल्याही व्हेरिफिकेशनला दोन कागदांवरचं नाव जुळवून बघतात तेव्हा समोरचा माणूस कॉम्प्युटरवर अक्षरं बघतो. म्हणून पहिल्याच दिवशी घरातल्या सगळ्यांनी बसून एक स्पेलिंग ठरवा, कागदावर लिहा, त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका आणि यापुढे प्रत्येक फॉर्मवर त्यातलंच कॉपी करा.

पाटी

पाटी रस्त्यावरून वाचता आली पाहिजे, एवढं बघा. हॉलच्या दारावर ग्रॅनाइटची सोनेरी अक्षरांची सुंदर पाटी असते आणि गेट दारापासून लांब, मध्ये आंब्याचं झाड, मग त्याचा पोस्टमनला काय उपयोग. गेटच्या खांबावर लावा, मराठीत आणि इंग्लिशमध्ये दोन्ही, कारण कुरिअरची मुलं पुष्कळदा बाहेरच्या राज्यातली असतात. सुलेखनाच्या नादात जोडाक्षरं वाचताच येत नाहीत अशा पाट्या मी खूप बघितल्यात, साधा अक्षर टाइप घ्या. आणि नावाखाली बारीक अक्षरात मिळकत क्रमांक किंवा प्लॉट नंबर टाका. ते काही वाईट दिसत नाही, आणि पासपोर्टच्या पोलीस व्हेरिफिकेशनला किंवा जनगणनेला कोणी आलं तर त्यांना हातातला कागद आणि घर एकच आहे हे लगेच कळतं.

लेटर बॉक्स लावाच. त्यावर घरात राहणाऱ्या सगळ्यांची नावं लिहा, फक्त कुटुंबप्रमुखाचं नको. सुनेचं माहेरचं आडनावही लिहा, तिच्या डिग्रीची कागदपत्रं, जुन्या बँकेचं पत्र, एलआयसीची नोटीस बरेच वर्षं माहेरच्या आडनावाने येत राहतात आणि नवीन पोस्टमनला 'कृष्णाई' मध्ये त्या आडनावाचं कोणी राहतं हे कसं कळणार, तो बिचारा "या पत्त्यावर माहिती नाही" असा शेरा मारून परत पाठवतो.

पोस्टात जाऊन या, हे सगळ्यात महत्त्वाचं

नवीन घराची माहिती पोस्टाकडे आपोआप जात नाही. घरपट्टी लागली म्हणून ग्रामपंचायत पोस्टाला कळवत नाही, लाइट मीटर बसला म्हणून महावितरण कळवत नाही. तुम्हीच जायचं.

सकाळी जा. बॅगा उघडल्या की पोस्टमन टेबलाशी उभे राहून आपापल्या बीटचं टपाल लावत असतात, बीट म्हणजे एकेकाला ठरवून दिलेला भाग. पत्रं ज्या रस्त्याने जायचं त्या क्रमाने लावतात, आधी ही गल्ली, मग देवळाच्या मागची घरं, मग ओढ्यापलीकडची, असं. त्यात तुमच्या पत्राला जागा मिळायची तर त्या माणसाच्या डोक्यात तुमचं घर कुणाच्या पुढे आणि कुणाच्या मागे येतं ते बसलेलं हवं. तुमच्या भागाचा पोस्टमन कोण ते विचारा, त्यांना घराचं नाव सांगा, जवळची खूण सांगा, आणि कोणाच्या शेजारी ते नक्की सांगा, "ते शिंद्यांच्या गिरणीसमोर नवीन पिवळं घर झालंय ना, ते" एवढं वाक्य कुठल्याही नंबरापेक्षा जास्त कामाला येतं. आदराने बोला, घरी आले की पाणी विचारा, उन्हापावसात ती माणसं तुमच्यासाठी फिरतात.

तोंडी सांगून भागतं, पण माझा आग्रह असतो की साधा अर्जही द्यावा, कारण पोस्टमन बदलतात, रजेवर जातात, बदली माणूस येतो. ठरलेला फॉर्म वगैरे शोधत बसू नका, कोऱ्या कागदावर लिहा, असं काहीतरी:

"मा. पोस्टमास्तर, (पोस्टाचं नाव) यांस,
विषय: नवीन घराच्या पत्त्याबाबत.
महोदय, मी खाली सही करणार (नाव), (कॉलनी / वाडी) येथे (शेजाऱ्यांचं नाव किंवा खूण) यांच्या शेजारी नवीन घर बांधून कुटुंबासह राहत आहे. घराचे नाव 'कृष्णाई' असून गेटवर तशी पाटी व लेटर बॉक्स लावला आहे. घराचा मिळकत क्रमांक (…) आहे. या पत्त्यावर पुढील व्यक्तींच्या नावे टपाल येईल: (सगळी नावं, जुन्या आडनावांसकट). मोबाइल क्रमांक (…). तरी आपल्या पोस्टमनना याची माहिती द्यावी ही विनंती."

दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. खेड्यात शाखा डाकघर असेल, म्हणजे ब्रँच पोस्ट ऑफिस, तर तिथे सहसा एक-दोन ग्रामीण डाक सेवकच सगळं बघतात आणि त्यांना गावातलं घर अन् घर माहिती असतं, तिथे अर्जाची एवढी गरज पडत नाही, पण ओळख करून घ्याच.

आता पत्ता लिहायचा कसा

शहरात किंवा तालुक्याच्या गावात बंगला असेल तर क्रम असा: माणसाचं नाव, घराचं नाव, प्लॉट नंबर असेल तर तो, कॉलनी किंवा सोसायटी, रस्ता आणि खूण, भाग, गाव, पिन, जिल्हा. उदाहरणार्थ,

श्री. / श्रीमती (नाव),
'कृष्णाई', प्लॉट नं. १४,
(कॉलनीचं नाव), पाण्याच्या टाकीजवळ,
दापोली ४१५७१२,
जि. रत्नागिरी, महाराष्ट्र

प्लॉट नंबर नसेल तर ती जागा नुसत्या नावाने भरते, काही बिघडत नाही. ऑनलाइन फॉर्ममध्ये 'घर क्रमांक' हा रकाना रिकामा सोडू देत नसतील तर तिथेच घराचं नाव लिहायचं, बहुतेक फॉर्म अक्षरं घेतात. फक्त आकडेच घेणारा फॉर्म असेल तर मिळकत क्रमांक टाका आणि नाव पुढच्या ओळीत लिहा. लोक तिथे शून्य नाहीतर एक टाकून मोकळे होतात, ते मात्र करू नका, तो खोटा नंबर मग छापील कागदावर येतो आणि कुठल्याच उताऱ्याशी जुळत नाही.

खूण कायमची असलेली घ्या. देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, दवाखाना चालेल. मोबाइलचं दुकान, चहाची टपरी, "नवीन बांधकामाशेजारी" हे सगळं वर्षभरात बदलतं.

खेड्यातला पत्ता म्हणजे मु. पो. ता. जि., हे सगळ्यांना पाठ असतं पण अर्थ लक्षात न घेता लिहितात. मु. म्हणजे मुक्काम, तुम्ही राहता ते गाव. पो. म्हणजे ज्या पोस्टातून टपाल वाटलं जातं ते. तुमच्या गावातच पोस्ट असेल तर "मु. पो. अमुक" असं एकत्र लिहायचं. पोस्ट शेजारच्या गावात असेल तर "मु. अमुक, पो. तमुक" असं तोडूनच लिहायचं. शहरात वाढलेली मुलं गावी आली की सरसकट मु. पो. लिहितात, आणि गावात पोस्टच नसेल तर सॉर्टिंग करणाऱ्याने त्या नावाचं पोस्ट कुठे शोधायचं? तसंच बुद्रुक आणि खुर्द कधीही गाळू नका, दोन्ही गावं खरी असतात, शेजारी शेजारी असतात आणि कधी कधी दोघांचे पिन वेगळे असतात.

घराचं नाव 'सावली', वाडी खालची, पोस्ट शेजारच्या गावात, तर पत्ता होईल:

(नाव), 'सावली',
खालची वाडी, विठ्ठल मंदिराजवळ,
मु. (तुमचं गाव), पो. (पोस्टाचं गाव),
ता. (…), जि. (…), पिन (…)

कोकणात वाडीचं नाव हे घराच्या नावाइतकंच महत्त्वाचं, ते सोडलं तर गावात पोचलेलं पत्र तीन-तीन किलोमीटर हिंडतं. आणि वाडीचं नाव आत्ता अधिकृत काय आहे तेही बघून घ्या. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं काढून टाकायचा निर्णय घेतला, आणि समता नगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायची ठरली. आपल्या वस्तीचं नाव बदललं असेल तर नवीनच लिहायचं, पोस्टात सांगायचं, नातेवाइकांनाही सांगायचं, जुनं नाव कोणाच्या पाकिटावर दिसायला नको.

गोव्यात पंचायत घरांना नंबर देते आणि तो पुष्कळदा भिंतीवर रंगवलेलाही असतो, तिथे तो नंबर, घराचं नाव आणि वाड्याचं नाव तिन्ही लिहा, पिन ४०३ ने सुरू होतो.

भाड्याने राहत असाल तर घराचं नाव मालकाचं आहे आणि पोस्टमन त्या घराला मालकाच्या नावाने ओळखतो, म्हणून दुसऱ्या ओळीत "द्वारा श्री. (घरमालक)" लिहायचं आणि वरचा मजला, मागची खोली जे असेल ते. शिकायला आलेल्या मुलामुलींनी तर हे नक्की करा, परीक्षेची पत्रं, एटीएम कार्डं सगळ्यात जास्त अशीच परत जातात.

फ्लॅटवाल्यांसाठी थोडक्यात: बिल्डिंगचं नाव हे घराचं नाव धरा पण विंग आणि फ्लॅट नंबर कधीच सोडू नका, आणि बिल्डरने जाहिरातीत दिलेलं नाव न वापरता सोसायटी ज्या नावाने रजिस्टर झाली ते वापरा.

पिन पूर्ण सहा आकडी लिहा. पुण्यात जुनी मंडळी "पुणे ३०", "पुणे ३८" लिहितात, इथल्या पोस्टमनला ते ४११०३०, ४११०३८ म्हणून कळतं, पण कुरिअरचा कॉम्प्युटर ते घेत नाही. परराज्यातून येणाऱ्या टपालासाठी पत्ता देताना आकडे इंग्लिश द्या.

एक पोस्टकार्ड टाकून बघा

बँका आणि आधारच्या मागे लागायच्या आधी ही चाचणी करा, खर्च पन्नास पैसे. दुसऱ्या शहरातल्या मित्राला किंवा बहिणीला सांगा की एक साधं पोस्टकार्ड या नवीन पत्त्यावर टाक, मोबाइल नंबर न लिहिता. स्पीड पोस्टने करू नका, कारण त्यावर फोन नंबर असतो, पोस्टमन फोन करून विचारतो आणि पत्ता चालतोय की फोन चालतोय ते कळतच नाही. पोस्टकार्ड घरी आलं की समजायचं पत्ता पक्का. नाही आलं तर पोस्टात जाऊन विचारा कुठल्या ओळीवर अडलं, पुष्कळदा पो. चं गाव चुकलेलं असतं किंवा पिन.

मग कागदपत्रं, आणि इथे नंबर सोडायचा नाही

टपालात नाव पुढे, नंबर मागे. सरकारी कागदात दोन्ही हवेत. घराचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नाही, खरेदीखत, प्रॉपर्टी कार्ड, कर्जाचे कागद हे सगळं नंबरावर चालतं, तिथे नाव असलं काय नसलं काय.

आधी ग्रामपंचायत किंवा पालिकेत अर्ज देऊन घरपट्टीच्या पावतीवर घराचं नाव येतंय का ते बघा. मग महावितरणच्या ऑफिसात अर्ज करून लाइट बिलाचा पत्ता दुरुस्त करून घ्या, कारण पुढे सगळीकडे पुरावा म्हणून लाइट बिलच मागतात. ते हातात आल्यावर आधार, तिथे घर / इमारत या रकान्यात "कृष्णाई, मिळकत क्र. (…)" असं दोन्ही लिहायचं, खुणेचा रकाना वेगळा असतो तो भरायचा, पोस्ट ऑफिसचाही वेगळा असतो तोही. त्यानंतर बँक, मतदार कार्ड, पासपोर्ट. उलट्या क्रमाने गेलात तर प्रत्येक ठिकाणी मागचा कागद दुरुस्त करून आणा म्हणतात आणि हेलपाटे होतात.

पासपोर्टला विशेष काळजी घ्या, तो स्पीड पोस्टने येतो आणि अर्जातल्या पत्त्यावरच देतात. १ सप्टेंबर २०२५ पासून जुनं रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टातच विलीन झालंय, म्हणजे कोर्टाची, जमिनीची नोटीस पण आता स्पीड पोस्टानेच येणार, "ते काय, पार्सल असेल" म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांनी परत पाठवू नये, त्यांना सांगून ठेवा. आमच्या ओळखीतल्या एका काकूंचं पेन्शनच्या खात्याचं एटीएम कार्ड असंच परत गेलं होतं, बँकेने पत्त्यातून घराचं नावच उडवून नुसता गट नंबर छापला होता. तुमच्याही बाबतीत बँकेकडून पत्ता कसा छापला जातो ते एकदा स्टेटमेंटवर वाचून बघा, मधली ओळ कापली गेली असेल तर घराचं नाव आणि वाडी पहिल्या ओळीत आणून घ्या.

कुरिअर आणि ऑनलाइन मागवताना

इथे वेगळा खेळ आहे, त्या मुलाला गाव माहिती नसतं, तो मोबाइलवर बघत येतो. अ‍ॅपमध्ये पत्ता सेव्ह करताना नकाशावरची खूण हाताने सरकवून बरोबर आपल्या गेटवर आणा, गावाकडे ती आपोआप पडते तेव्हा शेताच्या मध्यभागी नाहीतर तळ्यात पडते. सूचनांच्या रकान्यात "हायवे सोडल्यावर डावीकडे, शाळेनंतर तिसरं गेट, 'कृष्णाई' पाटी" असं लिहा.

टपाल खात्याने २०२५ मध्ये डिजिपिन आणलंय, आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या मदतीने बनवलेलं. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटलाय आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा-आकड्यांचा कोड दिलाय. नोंदणी करावी लागत नाही, गेटपाशी उभं राहून पोस्टाच्या साइटवर आपलं लोकेशन दिलं की कोड दिसतो. नंबर नसलेल्या घरांसाठी ही फार चांगली गोष्ट झालीये, विशेषतः अँब्युलन्सला घर सांगायची वेळ आली तर. पण तो पिन कोडच्या जागी लिहायचा नाही, पत्त्याच्या शेवटी जास्तीचा म्हणून लिहायचा.

नाव बदलायचं असेल किंवा जुनं घर घेतलं असेल

घर विकत घेतलं की लोक आधी जुनी पाटी काढतात. काढा, पण गावाच्या तोंडात जुनं नाव बसलेलं असतं, आणि जुन्या मालकांचं टपालही काही दिवस येत राहणार. म्हणून पहिली काही वर्षं पत्त्यात "'सावली' (पूर्वीचं 'मातृछाया')" असं लिहा. पोस्टात वरच्यासारखाच अर्ज द्या, त्यात जुनं नाव आणि जुन्या मालकांचं नाव स्पष्ट लिहा. त्यांचा नवीन पत्ता व्यवहाराच्या वेळीच मागून घ्या आणि त्यांच्या नावाचं पत्र आलं तर न फोडता पोस्टमनकडे परत द्या, त्यावर नवीन पत्ता लिहून दिला तर ते पुढे पाठवतात.